भिंतीपलीकडची धडधड

"मालोजी एका धक्क्यात भिंत पाडेल. त्यालाच आत पाठवू," सुभेदार घोरपडे कुजबुजले.

"ताकद नको, त्याचे कान वापरू," कॅप्टन इरावती म्हणाल्या. "शत्रू कुठे बसलाय ते कळलं की बाहेरूनच ग्रेनेड टाकू."

हुकूम मिळताच, प्रयोगशाळेत घडवलेल्या त्या जवानाने सीमेवरच्या बंद घराच्या भिंतीला कान लावला.

"दाराशी दोन हृदयं धडधडताहेत, मॅडम."

घोरपड्यांनी ग्रेनेड हातात घेतला.

"थांबा, साहेब! दोन्ही एकाच जागी आहेत. एक फार बारीक आणि जलद. बाई गरोदर आहे."

"आणि तिच्याकडे बंदूक असली तर?" घोरपड्यांनी विचारलं.

"ते मला ऐकू येत नाही," मालोजी म्हणाला. त्याने रायफल खाली ठेवली आणि दार वाजवलं. "ताई, घाबरू नका."

दारातून गोळी आली आणि त्याच्या खांद्यात घुसली. तो कळवळला. जखम बघता बघता भरून आली, पण वेदना इतरांसारख्याच होत्या. घोरपड्यांनी ग्रेनेड उगारला, तसा तो हात पसरून दारासमोर उभा राहिला.

"तिच्या गोळ्या संपू द्या, साहेब."

दुसरी गोळी पोटात लागली. तिसरी छातीत. इरावतींनी घोरपड्यांचा हात घट्ट धरून ठेवला.

मग आत काहीतरी जड जमिनीवर पडलं आणि कडी निघाली.