तेरावा ठोका

मोरावियातल्या आमच्या गावची घंटा आठवडाभर दुपारी बाराला तेरा ठोके देत होती. "आज तेरावा पडला तर तुझं यंत्र भंगारात, घंटेला पुन्हा दोर," घंटेला संगणक जोडणाऱ्या क्वेताला नगराध्यक्षांनी बजावलं. "तो दोर मी ओढायचो तेव्हा बाराच वाजायचे, पोरी," मनोऱ्यावर घंटेकडे चढताना म्हाताऱ्या ओटाकारने खिजवलं. खाली क्वेताने संगणकावर चूक शोधणारा डीबगर लावला. पायथनमधला प्रोग्राम दर ठोक्यापाशी थांबणार, कळ दाबली की पुढे जाणार. पहिल्या ठोक्याला पडद्यावर शून्य आलं, बाराव्याला अकरा. "हे गाढव शून्यापासून बारापर्यंत मोजतंय," म्हणत तिने आनंदाने टेबलावर हात आपटला, नेमका कळीवर. तिने कान झाकले. तेरावा ठोका वाजलाच नाही. ती धावत वर गेली. ओटाकार घंटेच्या हातोड्याला मिठी मारून उभा होता. "दोर ओढायला खांदा उरलाय कुठे?" तो म्हणाला. "दुरुस्त कर, मी धरलाय."