सुनेचा पत्ता

वकीलबाईंच्या ऑफिसात कामाला लागताना तिनं माहेरचं आडनाव सांगितलं. शाळेच्या कचेरीत तीस वर्षं फायली सांभाळल्या होत्या, हस्ताक्षर मोत्यासारखं होतं. वकीलबाईंनी दुसरं काही विचारलं नाही. "उद्यापासून या," म्हणाल्या. त्या दिवसापासून ऑफिसातले सगळे तिला मावशी म्हणू लागले.

मावशीचा एकुलता एक मुलगा तुरुंगात आहे, हे तिथं कोणालाच माहीत नव्हतं. त्यानं बायकोला गॅलरीतून खाली ढकललं होतं. सून वाचली, पण कुबड्यांवर आली. पाय घसरून पडली असं लिहून पोलिसांनी प्रकरण मिटवत आणलं होतं. वकीलबाईंनी ते पुन्हा उघडायला लावलं आणि मुलाला अकरा वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी मावशी अगदी शेवटच्या बाकावर बसली होती, तोंडावर रुमाल धरून.

"त्या वकीलबाईनं तुझं घर उठवलं," शेजारीण म्हणाली.

मावशीनं दार लावून घेतलं.

भेटीच्या दिवशी तिनं नोकरीचं सांगितलं तेव्हा मुलगा काचेपलीकडून बघतच राहिला.

"तिच्याच ऑफिसात? आई, तू?"

"कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडेच असतात."

तो हसला. पाच वर्षांत पहिल्यांदाच. "म्हणजे तूही विसरली नाहीस."

"त्या दिवशीचं मी काहीच विसरलेली नाही."

त्यानं आवाज खाली आणला. सून कुठं राहते ते फक्त वकीलबाईंना ठाऊक होतं. पत्ता ऑफिसातच कुठंतरी असणार. "तेवढा काढ. बाकी मी बघतो. तू माझ्यासाठी एवढं करतेयस आई..."

"आईच करणार. दुसरं कोण करणार?"

पत्ता सापडायला वेळ लागला नाही. मधल्या कपाटात, खालच्या खणात, मोहर केलेलं पाकीट होतं, वर सुनेचं नाव. पण मावशीनं घाई केली नाही. ती वकीलबाईंना न्याहाळत राहिली.

बाई उभ्याउभ्याच जेवायच्या, कान आणि खांदा यांच्यात फोन धरून. त्यांच्या दारात कोणीही यायचं. गरोदर राहिल्या म्हणून शिवणकामाच्या कारखान्यानं काढून टाकलेल्या बायका. पोलीस कोठडीत मार खाल्लेला पाकीटमार. त्याच्यासाठी तर बाई पोलिसांशी तासभर भांडल्या, आणि तो गेल्यावर आधी स्वतःची पर्स तपासली. मावशीला हसू आवरेना.

एकदा कारखान्याचा मालक स्वतः आला. "बाई, हे प्रकरण तुमच्या अंगाशी येईल," म्हणाला.

"धमकी आधी देताय की चहा आधी घेताय?" वकीलबाईंनी विचारलं. "चहा निवतोय."

सुट्टीच्या दिवशीही मावशी कोर्टात जाऊन बसू लागली. बाई बोलायला उभ्या राहिल्या की तिचं भान हरपायचं. घरी आल्यावर मात्र ती अंधार पडेपर्यंत गॅलरीत उभी राहायची, कठड्याला हात लावून.

मग मुलाचा अर्ज आला. चांगली वर्तणूक, म्हणून लवकर सुटका. वकीलबाईंनी त्याला विरोध केला नाही.

"का नाही केला?" मावशीचा आवाज चढला, तसा टेबलाशी बसलेला टायपिस्टही चपापला.

"नियमात बसतंय, मावशी. तो माझा अशील नाही म्हणून त्याला हक्कच नाहीत असं थोडंच आहे? आणि माणूस बदलतो यावर विश्वास नसता तर मी हा काळा कोट कधीच खुंटीला टांगला असता."

"आणि नाही बदलला तर?"

"अट घातलीय ना. तिच्या वाटेला गेला, तिला नुसतं धमकावलं तरी उरलेली सहा वर्षं आत. वर नवा गुन्हा."

मावशीनं मान हलवली. संध्याकाळी सगळे गेल्यावर तिनं मधलं कपाट उघडलं, पाकीट हातात घेतलं. मग कपाटाला कुलूप लावून घरी गेली.

मुलगा सुटून आला. तिनं त्याला पोटभर जेवू घातलं, पाठीवरून हात फिरवला. तोही शहाण्यासारखा वागत होता. तिसऱ्या दिवशी मात्र त्यानं हात पुढे केला.

तिनं घडी केलेली चिठ्ठी दिली. "दुसरा मजला, डावीकडचं दार. दुपारी एकटीच असते."

"नुसतं बोलायचंय," तो म्हणाला. चिठ्ठी खिशात घालून त्यानं ओट्यावरचा सुरा उचलला आणि वर्तमानपत्रात गुंडाळला.

मावशीनं ते पाहिलं. "उद्या जेवून जा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं वकीलबाईंकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली.

"घरचं काही? मी काही करू शकते का?"

"तुम्ही तुमचं सगळं केलंत," मावशी म्हणाली. "हे माझं आहे."

दुपारी तो जिना चढून वर आला. डावीकडचं दार बंद होतं. आत कुबड्या टेकल्यासारखा आवाज झाला. त्यानं सुऱ्याभोवतीचा कागद सोडून खाली टाकला आणि दारावर थाप मारली.

"उघड! मी आलोय. मागच्या वेळी वाचलीस. आता अर्धवट सोडणार नाही."

कडी निघाली. दारात मावशी उभी होती, हातात काठी धरून. तिच्या मागे, भाड्यानं घेतलेल्या त्या रिकाम्या खोलीत, दोन महिला पोलीस उभ्या होत्या.

"ऐकलंत ना?" ती मागे न बघता म्हणाली. "हा माझा मुलगा. घेऊन जा."