हातगुण

सडकं ढोर खाऊनही गिधाड आजारी पडत नाही. माझ्या डॉक्टर भावाने, शिवदासदादाने, गिधाडाच्या आतड्यातले जंतू वाढवून पटकीवर औषध केलं. दिवेआगरात साथ आली तेव्हा तो आगबोटीने बाटल्या घेऊन आला. शेजारपाजारची माणसं ते औषध घेऊन उठून बसली. आमचे वडील, अण्णा, मात्र गेले.

तेरावं झाल्यावर मी विचारलं, "दादा, अण्णांनाच गुण कसा आला नाही?"

"कोकिळा, काही बाटल्यांत नुसतं पाणी ठेवावं लागतं. त्याशिवाय औषधाची पारख होत नाही."

"मग पाणी कुणाला द्यायचं, याची चिठ्ठी टाकली होतीस?"

"नाही. औषधाला उग्र वास आहे, पाण्याला नाही; बाकीचे लोक बाटली हुंगून बघायचे. अण्णा माझ्या हातचं काहीही न हुंगता प्यायचे."