तीन सीझन, शून्य झीज

निनाद आयुष्यात पहिल्यांदाच रेस ट्रॅकवर गाडी पळवणार होता. टायर स्वस्त हवे होते आणि टिकाऊही, कारण गाडी बाबांची होती आणि संध्याकाळी त्याच टायरांवर भोपाळला परतायचं होतं.

त्याने 'मराठी रफ्तार मंडळ, भोपाळ' या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. मिनिटभरात चौदा उत्तरं आली आणि चौदाही जणांनी एकाच टायरचं नाव घेतलं.

"आँख बंद करके घे," मंडळाचे अध्यक्ष पेंढारकरदादा म्हणाले. "जवाहर चौकात मिळतो. माझे तीन सीझन झाले ट्रॅकवर, नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केससुद्धा शाबूत आहेत."

"माझे तर अजून दुकानातून आणल्यासारखे दिसतात रे," उपाध्यक्ष मंजूषाताईंनी दुजोरा दिला.

निनादने शनिवारी चारही टायर बसवून घेतले. रविवारी आठव्या फेरीत पुढच्या दोन्ही टायरांच्या आतल्या तारा दिसू लागल्या. बाबांची गाडी टो-ट्रकवर बसून अरेरा कॉलोनीत परतली. बाबा गेटवरच उभे होते.

निनादने टायरांचा फोटो ग्रुपवर टाकला. "दादा, तुमच्या भरवशावर घेतले होते. बाबांना आता काय सांगू?"

फोटो सगळ्यांनी पाहिला.

मग पेंढारकरदादांचा मेसेज आला.



"अरे यार, तू सच में गाडी ट्रॅकवर नेलीस?"