तिसरी सुई

जुलाबांनी सुकलेल्या सात महिन्यांच्या बाळाला तातडीनं सलाइन लावायचं होतं आणि माझ्या दोन सुया वाया गेल्या होत्या. डॉक्टर बाळंतपणात अडकले होते, दवाखान्यात दुसरी नर्स नव्हती. मी तिसरी सुई उचलली.

“नाही मिळायची,” मी पुटपुटले.

बाळाचे पाय धरून बसलेली त्याची आई उसळली. “बाई, तिसऱ्यांदा म्हणताय तुमी! टोचायच्या आधीच न्हाई म्हणल्यावर शीर गावंल कशी?”

मला वाटायचं, हे मी मनातल्या मनात म्हणते.

सुई खाली ठेवली. बाळाची गार मूठ ऊब येईपर्यंत तळहातात धरली. डोळ्यांना शीर कुठंच दिसत नव्हती, म्हणून बोटानं चाचपत गेले. मनगटाजवळ दोऱ्याएवढं काहीतरी बोटाखाली सरकलं. या वेळी सुई टोचताना तोंडातून शब्द काढला नाही. मनातही नाही.

सुईमागच्या नळीत रक्ताचा थेंब चढला. सलाइन ठिबकू लागलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी हाक मारली. “सिस्टर, या आजींची शीर काही मिळायची नाही.”

“आधीच नाही म्हणू नका, सर,” मी म्हटलं आणि ट्रे उचलला.