तीन नळ्या

दुकानदाराने पाणी तपासायचे तीन किट काउंटरवर मांडले. धाकटीने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. "कुठलं घ्यायचं ते इथेच ठरवू. दादा, तूच तपास."

किट हे नुसतं निमित्त होतं. दवाखान्यातल्या टाकीतले मासे आठवड्याभरात पटापट मेले होते, आणि दादाच्या वहीत मात्र दर सोमवारी माशांना मारणारा अमोनिया शून्य. माशांच्या टाक्या सांभाळायचा हा भावाबहिणीचा धंदा. पाणी तपासायचं काम पहिल्यापासून त्याचं. हा बाबा घरी बसूनच शून्यं ओढतो, असं तिच्या मनाने घेतलं होतं. बाटलीत त्याच टाकीचं पाणी होतं, आणि हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. आज चोरी पकडायची आणि उद्यापासून वेगळं व्हायचं, इथवर तिचं ठरलं होतं.

दादाने चष्मा पुसला. तिन्ही किटांतल्या नळ्यांत पाणी घेऊन ओठ हलवत औषधाचे थेंब मोजले, आठ म्हणजे आठच. नळ्यांना बुचं लावून त्या हलवल्या आणि घड्याळावर नजर ठेवून पाच मिनिटं गप्प उभा राहिला. माणसाने नाटक तरी किती करावं! तिला चीड आली.

पाणी पिवळं राहिलं तर चांगलं, हिरवं झालं तर अमोनिया. तिन्ही नळ्या हिरव्यागार झाल्या.

"बोल, काय लिहिशील वहीत?"

त्याने रंगांचं कार्ड नळीला भिडवलं, दारातल्या उजेडात नेलं, पुन्हा पाहिलं. "पिवळं. शून्य."

"दादा, माझ्या डोळ्यांदेखत खोटं बोलतोस?"

"खोटं कशाला बोलू?" तो नळी घेऊन तिच्याजवळ आला. त्याचं बोट कार्डावरच्या पिवळ्या चौकोनावर होतं. "हे बघ की. दोन्ही एकच तर आहेत."

खोटं बोलताना दादा कधी नजरेला नजर देत नसे. आता तो थेट तिच्याकडे बघत होता.

"अहो, हे तर..." दुकानदाराने तोंड उघडलं. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो तिथेच थांबला.

"आकडा दाखवणारं यंत्र असतं ना? ते द्या."

"ते कशाला?" दादा म्हणाला. "तिप्पट महाग. यांच्यात काय वाईट आहे?"

"काही नाही रे," ती म्हणाली. "मला ते हिरवं दिसलं. मला मेलीला रंग कुठे कळतात!"