मुक्काम ओसाका

"घर त्यांनी जाळलं, गाव त्यांनी उठवलं. आणि आता त्यांच्याच भोंग्यातून तू ह्यांचं नाव घेणार?" चुनोकने सुरी फळीवर आपटली.

"आई, तो भोंगा नाही. माझी नोकरी आहे," ग्योंगसिक म्हणाला.

"पगार कोण देतं?"

रेडिओ स्टेशन सरकारी. जेजू बेटावर रोज सकाळी त्याचा 'आजचा दिवस' लागायचा. ह्या तारखेला जगात काय घडलं, कोण थोर माणूस जन्मला, ते तो गोड आवाजात सांगायचा. राजे, लढाया, विमानं, चित्रकार. सगळं समुद्रापलीकडचं. ह्या बेटावर कुठल्याच तारखेला कधी काही घडलं नव्हतं जणू! शेवटी एखाद्या श्रोत्याचा वाढदिवस असला, तर त्याचं नाव आणि एक गाणं.

उद्या त्याच्या वडिलांचा वाढदिवस होता. सत्तरावा. चांद्र तारखेने यायचा, म्हणून दर वर्षी वेगळ्या दिवशी पडायचा. आई मात्र कधी चुकली नव्हती.

वडील ओसाकाला होते. ग्योंगसिक पाळण्यात असताना बेटावर सरकारी फौजेच्या गोळ्या चालत होत्या, तेव्हा ते होडीने जपानला निसटले. मग आई त्याला पाठीशी बांधून गाव सोडून शहरात आली. बेटावरच्या कितीतरी घरांचं कोणी ना कोणी ओसाकाला होतंच. त्यांची पत्रं यायची, पुढे पुढे घड्याळं आणि शिलाईयंत्रंही आली. ह्यांचं काही नाही. "तिकडे दुसरी केली असेल," असं शेजारी म्हणायचे, आणि आई नाही म्हणायची नाही. शाळामास्तरची नोकरी हातातोंडाशी येऊन गेली, तेव्हा साहेबाने एवढंच विचारलं होतं, "तुझा बाप तिकडे लाल झेंडेवाल्यांत बसतो ना?" बापापायी मुलाला अडवायचा नियम उठला, तेव्हा कुठे तो रेडिओत चिकटला.

तरी वाढदिवस व्हायचाच. आदल्या संध्याकाळीच चूल पेटायची. वाढदिवस म्हटला की कोणाच्याही घरी समुद्री शेवाळाचं सूप हवंच. ह्यांच्या वाढदिवसाला ते नाही. "ह्यांना आवडत नाही." तिखट नाही. "ह्यांना सोसत नाही." पहिलं पान ह्यांचं. "आपण इथे वाढलं की ते तिकडे जेवतात."

लहानपणी ग्योंगसिकला ते खरं वाटायचं. आता डोकं फिरायचं.

"बायकोपोराला टाकून गेलेल्या माणसाचे एवढे लाड!" तो म्हणाला. "मी नाव घेणार. ओसाकाहून माणसं येतात-जातात. कोणीतरी त्यांच्या कानावर घालेल. निदान लाज तरी वाटेल. सत्तरी आली, आई. आता नाही भेटले तर कधी भेटणार मला?"

चुनोक कुट्टूच्या पिठाच्या धिरड्यात मुळ्याचं सारण भरत राहिली. "नाव घेऊन माणूस येत नसतो."

"न घेऊन तरी कुठे आला?"

चुनोकच्या हातातली धिरडी एकामागून एक फाटत गेली.

सकाळी स्टुडिओत यंत्रावर त्याचा सहकारी ज्वा होता. "काय बूसाहेब, एरंडेल पिऊन आलात का?"

"आज वडिलांचा वाढदिवस आहे. नाव वाचणार आहे."

"ओसाकावाल्या वडिलांचं?" ज्वाने आधी दार बंद आहे का ते पाहिलं. "वरून विचारणा झाली तर मी तुम्हाला ओळखत नाही हं. सांगून ठेवतो."

"तू तसाही पैसे परत मागितले की ओळखत नाहीस."

ज्वा हसला आणि त्याने लाल दिवा लावला.

ग्योंगसिकने कुठल्याशा राजाचा राज्याभिषेक वाचला, कुठल्याशा विमानाचं पहिलं उड्डाण वाचलं, एक पियानोवादक जन्माला घातला. मग घसा खाकरला.

"आणि आज नामसेन गावचे बू सोंगहून सत्तर वर्षांचे झाले. सध्या मुक्काम ओसाका. बाबा, मी तुमचा मुलगा. आई अजून तुमचं पान वाढते. एकदा येऊन जा."

गाणं लागायच्या आधीच फोन वाजला. थेट घेऊ का, अशी ज्वाने खूण केली. ग्योंगसिकने घाईघाईने मान डोलावली. ओसाकाहून कोणी आलेलं असलं तर?

"बोला, कुठून बोलताय?"

"नामसेनहून! मी मुन तेखोची बायको." म्हातारीचा आवाज समुद्रात बुड्या मारणाऱ्या बायकांसारखा खणखणीत होता. "तू सोंगहूनचा पोरगा का रे? पाळण्यातला? काय भोकाड पसरायचास! गावातली कुत्री पळायची!"

ज्वा तोंड दाबून हसला.

"मावशी, बाबांचा पत्ता आहे तुमच्याकडे?"

"तुझे वडील आणि माझा नवरा एकाच दिवशी जन्मलेले. गाव त्यांना जुळे म्हणायचं. म्हणून तर फोन केला. आमच्याकडेही आजच पान असतं."

"म्हणजे काकाही ओसाकालाच आहेत?"

"आई तुला अजून ओसाकाच सांगते होय?" आवाज एकदम खाली आला. "आम्हीही पोरांना तेच सांगितलं, बाळा, खरं बोलायची सोय कुठे होती? फौजेने दोघांना एकाच ट्रकमध्ये चढवलं होतं. मेल्याचा दिवस ठाऊक नसेल, तर त्याचं बिनतिखटाचं पान वाढदिवसाला वाढायचं असतं. तेच करत आलो, तुझी आई तिकडे आणि मी इथे." मग ती ओरडलीच. "ते स्टेशन त्यांचंच ना रे? जगातल्या सगळ्या तारखा ठाऊक असतात ना तुम्हाला? मग आमची माणसं मारली ती तारीख कोणती? वाच की! का गप्प बसलास? वाच!"